मिशी येईपर्यंत

१२ ऑक्टो., रवि.
न्हाव्याकडं जाऊन आलो. दाढी-मिशी दोन्ही काढली. धाकट्या भावाच्या, सतीशच्या दहाव्याला नदीवर मुंडन झालं, त्याला तीन आठवडे होऊन गेले. डोक्यावर केस आलेत. मिशी मी येऊ देत नाही. न्हावी म्हणाला, आता ठेवायला हरकत नाही.
संध्याकाळी सुनंदा आली. सतीशची बायको. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, तुमची मिशी अजून कशी येईना?"

१४ ऑक्टो., मंगळ.
सु.चं तेच. सतीशचा सिनेमा पुरा करायचा. लोकांच्या लग्नांचं शूटिंग घेता घेता त्यानं हे काढलं होतं. दोन साडू दिवाळीच्या सुट्टीत एका गाडीतून सासुरवाडीला निघतात, वाटभर भांडतात. सोनारीला देवळापुढं फराळाचा डबा सांडतो आणि दोघांना हसू फुटतं. तेवढा शेवटचा सीन राहिलाय.
एक साडू मी. दुसरा मल्लिनाथ, तामलवाडीचा भुसार दुकानदार, सतीशचा मित्र. तोंडाला खीळ नाही.
सिनेमात मला मिशी आहे. दिवाळीत बिनमिशीचा माणूस दिसला की इथं कुणीही विचारतं, घरात कोण गेलं? म्हणून मिशी येईपर्यंत शूटिंग नाही. म.शेजारी बसून हसणं माझ्यानं होणार नाही. मिशी येणार नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.
सु.नं धाराशिवच्या एका नाटकवाल्याकडून खोटी मिशी आणली. पुढच्या शुक्रवारी जायचं ठरलं. मला विचारलं नाही. नको म्हणालो, लोक काय म्हणतील. तर म्हणाली, "ह्यांचा आवाज आहे त्यात, अण्णा. तुम्हा दोघांच्या मागं. अर्धवट नका ठेवू."
मिशी घेऊन कपाटात ठेवली.

२२ ऑक्टो., पाडवा.
यंदा आमच्यात कढई नाही. पाहुण्यांनी डबे आणून दिले. सु.नं त्यातलाच एक सीनसाठी बाजूला ठेवला.

२४ ऑक्टो., शुक्र.
सातला म. गाडी घेऊन तेरला आमच्या दारात आला. सिनेमातली टोपी, खाली कान झाकून रुमाल. एरवी मानेवर केस रुळवत फिरतो. थंडी वाजत असेल. दीड महिन्यात पहिल्यांदा समोर आला. नमस्कार केला नाही, मीही नाही. सु. मागं बसली.
येडशी ओलांडल्यावर म्हणाला, "काय क्लार्कसाहेब, हसायची वरून मंजुरी आली का?"
सतीश गेला त्या दिवशी सोनारीलाही हेच म्हणाला होता, सगळ्यांपुढं. अकरा वेळा सीन घेतला, मला हसू येईना. शाळेच्या ऑफिसात बसणारा माणूस मी. डबा तिथंच टाकून एसटीनं घरी आलो. सतीश म.सोबत मुक्कामाला राहिला. संध्याकाळी त्याच्या छातीत दुखलं. ह्यानं गॅस म्हणून सोडा पाजला. तासभर गेला. मग बार्शी. तिथं पोचेपर्यंत…
बार्शीत त्या दवाखान्यापाशी ह्यानं गाडी हळू केली. मग मीच बोललो. "सोडा पाजत बसलात तुम्ही."
"व्हय, पाजला. आन् त्यो मुक्कामाला राहिला कुणापायी?"
ह्यानं परांड्यापर्यंत गाडी दामटली.

सोनारी. मिशी चिकटवली. डिंकाचा वास, ओठ खाजतो, डावीकडनं सुटते. म. म्हणे, मिशीलापण तुमच्याजवळ बसू वाटंना. सु.नं कॅमेरा लावला. डबा उघडला न उघडला तोच देवळावरची वानरं आली. इथं डबा उघडा ठेवू नये हे तिघांनाही माहीत होतं. एकानं लाडू नेला. दुसरं म.च्या खांद्यावर बसलं आणि टोपी-रुमाल ओढून शिखरावर गेलं.
म.चं डोकं माझ्यासारखं. महिन्याभराचे केस.
सु. पायरीवर बसली.
म. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आमच्यात काढत न्हाईत. म्या काढले."
कुठं, विचारलं.
"तेरलाच. नदीच्या पल्याड. तुमी येऊ नको म्हणून निरोप धाडला हुता, म्हणून अल्याड आलो न्हाय."
निरोप मीच धाडला होता. ते लिंगायत, त्यांच्यात सुतकसुद्धा पाळत नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. राग आला. भाऊ माझा होता. ह्याला कुणी सांगितलं होतं?
शूटिंग झालं नाही. टोपी मिळाली नाही. खोटे केस चालणार नाहीत, सु. म्हणाली.
तेरला उतरताना म.नं काच खाली केली. "माझे केस यायला उन्हाळा उजाडंल. तुमची मिशी त्याच्या लई आधी येती. ठिवायची असंल तर."
दार जोरात लावलं.

२७ ऑक्टो., सोम.
सु.नं सतीशनं त्या दिवशी घेतलेलं शूटिंग मोबाइलवर पाठवलं. अकराही वेळचं. मी दगडासारखा. म. बडबडतोय. कॅमेऱ्यामागं सतीश हसतोय, दरवेळी नव्यानं. अकराव्याला म्हणतो, "राहू द्या अण्णा. उद्या बघू."
एवढ्यावर संपतं. पुन्हा लावलं नाही.

२ नोव्हें., रवि.
न्हाव्याकडं गेलो. गालाची दाढी झाली. त्यानं वस्तरा वरच्या ओठाकडं आणला, मी त्याचं मनगट धरलं. थांबला.
म. अजिबात आवडत नाही.
न्हाव्याला म्हणालो, तेवढी राहू दे.