आईपाशी एक तास

जामसंडे,
१२ फेब्रुवारी १९८६

शेवंती,

काल तुला कार्ड टाकलं, त्यात आई बरी आहे एवढंच लिहिलं. उरलेलं इथे लिहिते. हे पाठवणार नाही.

रविवारी तू मुंबईहून आलीस आणि दिवसभर आईजवळ बसलीस. तिला पेज भरवलीस, तिचे केस विंचरलेस. पाठीवरची जखम दिसली तशी सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "बाय, तू हंय असान आयेक अशी जखम कशी झाली?"

मी इथे असते, हे खरं; पण दुसरी नर्स दिवाळीत सोडून गेली, तेव्हापासून या वृद्धाश्रमात एक्केचाळीस म्हाताऱ्यांना मी एकटी आहे. दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायला हवी, नाहीतर पाठीला जखमा होतात; पण माझी एक फेरीच चार तास चालते. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून आईला मी सगळ्यांत शेवटी घेते.

तुझे कामातून मोकळे हात बघून मी जळले, शेवंती.

सोमवारी हट्टाने फेरी अर्धी टाकली आणि आईचे केस विंचरत बसले. डोळे मिटून ती म्हणाली, "शेवंते, तुझो हात किती हलको गो!" मी कोण ते सांगितलं नाही. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत माझी वाट बघून म्हातारी हौसाबाई एकटीच उठायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. ट्रस्टींना मी सांगितलं, मी औषधं वाटत होते.

हौसाबाई कण्हते तेव्हा मला लाज वाटते. पण त्याहून जास्त सलतं ते हे, की तिच्या वाट्याचा तास मी आईला दिला, आणि आईला तो तुझा वाटला.

तुझी थोरली बहीण,
बाय