मोसंबीच्या बुंध्याशी

आबा, तुमच्या मोसंबीला पालवी आली आहे. अकरा फुटवे, सगळे पूर्वेकडच्या फांद्यांवर. आकडा देते आहे, कारण 'पुष्कळ आले' असं लिहिलं असतं तर तुम्ही वही परत केली असती. आठवीत तुम्हीच माझे मास्तर होतात. मी निबंधात 'पेरूवर खूप किडकी फळं होती' असं लिहिलं, तेव्हा तुम्ही मला परसात उभं केलंत. "खूप म्हणजे किती? झाड समोर आहे, डोळे जागेवर आहेत." मी रडत रडत सदतीस मोजली. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

त्या दिवसांतलं परस मला अजून नीट दिसतं. आंघोळ झाली की तुम्ही बादली घेऊन बाहेर येता, मोसंबीच्या बुंध्याशी ओतता. बुंध्याला मातीची भर, अगदी लगत आळं, त्यात पाणी तासभर साचलेलं. सालीतून डिंक यायचा. तो वाटीत भिजवून तुम्ही माझ्या वह्यांना कव्हरं चिकटवायचात आणि म्हणायचात, झाड फळांआधीच द्यायला लागलंय. आपण दोघंही खूश.

पुण्याला शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी फळ्यावर मोसंबीचा बुंधा काढला. सालीला भेग, डिंकाचे थेंब, खाली रोगाचं नाव: डिंक्या. कारण, बुंध्याशी साचणारं पाणी. वर्गात मी एकटीच मुलगी. त्या तासाला मी मान वर केली नाही.

या पाडव्याला नोकरी लागून घरी परतले, तेव्हा झाड पिवळं पडलं होतं. माती उकरून साल तपासली. निम्म्या घेरात सडलेली. उरलेली गेली की झाड गेलं. सडका भाग सुरीनं खरवडून काढला, मोरचूद आणि चुना कालवून लेप दिला.

"झाड सारवतीस व्हय गं?" आई हसली.

लेप देणं सोपं होतं. आईची बादली थांबवणं अवघड होतं. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी ती त्याच जागी, तुमच्यासारखंच पाणी ओतत आली आहे. ते थांबलं नाही तर लेपाचा उपयोग नाही. थांबव म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तुम्ही. तीन दिवस मी वाक्य जुळवत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "आई, झाड म्हातारं झालंय. त्याला आता पाणी लांबून लागतं."

"म्हातारं कशानं? तुझ्यापेक्षा धाकटं हाय ते." तिनं बादली खाली ठेवली. "बुंध्यात पाणी साचून कुजलंय, सरळ सांग की. माझ्या बापाची बाग हुती. तुझ्या आबास्नी पहिल्याच वर्षी सांगितलं हुतं. मास्तर ऐकत्यात व्हय कुणाचं?"

"मग तू का घालत होतीस?"

"मग काय करू? ते गेले न् लगेच बादली बी बंद करू?"

त्या दुपारी आम्ही दोघींनी बुंध्याची भर काढली आणि दोन हात लांब नवं आळं पाडलं. मी दोरी धरली, खुरपं तिनंच चालवलं, आणि दोरी वाकडी धरतेस म्हणून मला दोनदा बोलली. लेपाखाली आता जखमेच्या कडेनं नवी साल धरते आहे. पावसाळा नीट निघाला तर पुढच्या वर्षी बहार येईल, असं मी वहीत लिहिलं आहे. ती वही तपासायला तुम्ही हवे होतात.

हे पत्र कुठं जायचं नाही, तेव्हा एक सांगायला हरकत नाही. आई रोज अख्खी बादली बाहेरच्या आळ्यात घालते, पण शेवटची एक ओंजळ राखून ठेवते आणि ती बुंध्याशी सोडते. मी पायरीवरून बघते, अडवत नाही. एका ओंजळीनं झाडाचं काही बिघडत नाही, असं माझं मत आहे. पुस्तकात त्याला आधार शोधला. मिळाला नाही.