हन्नाच्या मुलाचे वारस

मी, कुमारी लव्हिनिया ट्रूसडेल, वय एक्क्याऐंशी, राहणार मेपल फोर्ड, आयोवा, शाबूत डोक्याने आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. सध्या मला राहून राहून हसू फुटते, त्यावरून डोक्याविषयी कोणी शंका घेऊ नये. कारण कलम तीनमध्ये आहे.

१. राहते घर भाचा रॉय यास. "मावशी, मेलेल्यांच्या मागे किती पळशील?" असे तो आयुष्यभर विचारत आला. माळ्यावरची वंशावळीची बावीस खोकी त्याने दहा वर्षे हलवायची नाहीत.

२. थडग्यांवरचे शेवाळ काढायचे मऊ ब्रश आणि भिंग गावच्या वाचनालयास. तारेचा ब्रश वापरणाऱ्या माणसाने यांना हात लावू नये.

३. आमचे मूळपुरुष ओबडाया ट्रूसडेल १८४७ साली ओहायोहून बैलगाडीने इथे वसायला आले. ते न्यायाधीशाची लेक प्रूडन्स हिच्या पोटचे, असे मी चाळीस वर्षे सांगितले, छापले आणि नाक वर करून मिरवले. गेल्या मे महिन्यात ओहायोच्या कबरस्तानात गवत उपटताना एक छोटा दगड लागला: प्रूडन्सचा ओबडाया, वय वर्षे तीन. आधी मी त्या पोरासाठी रडले. मग तिथल्या चर्चमध्ये जाऊन नोंदवहीत त्या पोराच्या जन्मनोंदीपुढचे पान उलटले, जे मला चाळीस वर्षांत सुचले नव्हते, आणि तिथेच खो खो हसत सुटले. त्या काळी मूल गेले की पुढच्याला तेच नाव देत. प्रूडन्स वारल्यावर नवऱ्याने घरची मोलकरीण हन्ना गिब्ज हिच्याशी लग्न केले, आणि तिच्या पहिल्या मुलाचे नावही ओबडाया ठेवले. इकडे आला तो हा! आम्ही सगळे मोलकरणीचे, आणि मला त्याचा भलताच आनंद झाला आहे.

४. हन्नाच्या भावाची खापरपणती अर्मा गिब्ज याच गावात राहते. एकतीस वर्षांपूर्वी तिने आमच्या ट्रूसडेल घराण्याच्या कुलमंडळात यायला अर्ज केला. मी चिटणीस. "मोलकरणीच्या माहेरच्यांना प्रवेश नाही," असा शेरा गिब्ज हे आडनाव पाहूनच मारून मी तो परत केला. तेव्हापासून मंडळाच्या दर ऑगस्टच्या मेळाव्याला ती कुंपणापलीकडच्या बाकावर एकटी बसून सँडविच खाते. मी दरवर्षी पाहिले आहे. मला लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर हे मेळाव्यात मोठ्याने वाचावे, आणि माझ्या वतीने अर्माची माफी मागावी.

५. कलम चारमधील शेवटचे वाक्य रद्द. वकील ऑस्टरहाउट यांनी ते वाचून चष्मा काढला. "बाई, अर्मा ब्याऐंशीची आहे. तुमच्याआधी ती गेली तर?"

मी त्यांच्याच टेबलावरून फोन लावला. सगळे सांगितले, माफी मागितली.

"लव्हिनिया, हे तुला आत्ता कळलं होय?"

"हो गं."

"मला आजीनं सातव्या वर्षी सांगितलं होतं. अर्जात पण लिहिलं होतं मी. वाचलास तरी का?"

नव्हता वाचला. तेही इथे नोंदवते.

"ऑगस्टला येशील ना?" मी विचारले.

"ऑगस्ट कुणी बघितलाय? कॉफी टाक. मी निघाले."

मी अजून वकिलांच्या कचेरीत आहे आणि ती माझ्या दाराशी पोचत असेल. सबब बाकीची मालमत्ता राहू द्या. सही करून पळते.

लव्हिनिया ट्रूसडेल (सही घाईत, पण माझीच)

साक्षीदार: कॉर्नीलिया व्हॅन्डरस्लूट, ग्रंथपाल; एल्डन फ्राय, टपाल खात्यातून निवृत्त

मेपल फोर्ड, १४ नोव्हेंबर २०२४