गाव बाहेर, स्पाइक्स आत

३ डिसें., बुध

उद्या पौर्णिमा, म्हणजे पहाटे ओहोटी, म्हणजे वाळू घट्ट. किनाऱ्यावर दोनशे मीटर चार वेळा. मग घर, आंघोळ, कणकवलीची एसटी. लॅबमध्ये पोचले तर उपाशीपोटी शुगरवाले रांगेत बसलेले. माझ्याकडे असे बघत होते जणू त्यांचा चहा मीच अडवलाय.

दुपारी लॅबच्या मॅडमनी विचारलं. जानेवारीपासून पूर्णवेळ ये, डीएमएलटीचं दुसरं वर्ष इथूनच पुरं कर. "पण मला रोज सातला येणारी मुलगी हवी, दीपा. ओहोटी बघून येणारी नको." हसत म्हणाल्या, पण खरंच म्हणाल्या. उत्तर द्यायचंय.

माझं असं ठरलंय: चौदाला ओरसला जिल्हा निवड आहे. दोनशे मीटरमध्ये पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला. त्यात आले तर जानेवारीत शिबिर, मॅडमना नाही. नाही आले तर मॅडमना हो, आणि धावणं रविवारपुरतं. तेवीसखालच्या गटातलं हे माझं शेवटचं वर्ष. काहीही झालं तरी रडायचं नाही.

६ डिसें., शनि

देवाचा कौल झाला. यंदा गावपळण! शुक्रवारी बारा तारखेला अख्ख्या गावाने निघायचं, तीन दिवस, तीन रात्री गावाच्या शिवेबाहेर. चौथ्या दिवशी परत कौल, देव हो म्हणाला तर घरी.

म्हणजे निवडीच्या दिवशी मी झोपडीत असणार. आईला सांगितलं तर म्हणाली, "मगे? झोपडीतून धावूक जमत नाय?" जमेल. ओरस काही शिवेच्या आत नाही.

मागच्या गावपळणीला मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. झोपडीत बसून केमिस्ट्री पाठ केली होती आणि शेजारच्या कोंबड्यांनी त्यावर चर्चा केली होती.

१२ डिसें., शुक्र

निघालो. गाय पुढे, बाबा मागे, माझ्या डोक्यावर आईची भांडी, बगलेत माझी हिमॅटॉलॉजीची पुस्तकं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळी घरं कुलूप लावून वाटेवर. शेजारचे भाऊकाका लांबूनच ओरडले, "काय गो दीपा, रोज तू एकटी पळतंस! आज बघ, अख्खो गाव तुझ्या वांगडा पळता!"

शिवेवरच्या व्हाळाच्या पाण्यापलीकडे आमची झोपडी. माडाच्या झावळांची, छान झालीय. आईने चूल मांडून तासाभरात पेज केली. मुलांचा दंगा. मोठी माणसंही सुट्टीवर आल्यासारखी. भजनाची तयारी चाललीय.

संध्याकाळी बॅग उघडली आणि

स्पाइक्स नाहीत. काल धुऊन मागच्या पडवीत वाळत टाकले होते. तिथेच राहिले.

आई: "गायीचा दावा घेतलंय, कोंबड्यो घेतलंय, तुझी ती खिळ्यांची पायताणां माका काय म्हायत!"

चूक तिची नाही. पुस्तकं तेवढी आठवणीने घेणारी मी.

१३ डिसें., शनि

आज लॅबला सुट्टी घेतली होती, उद्यासाठी पाय ताजे राहावेत म्हणून. दिवसभर व्हाळाकडे बघत बसले. इथून आमच्या घराचा माड दिसतो. व्हाळ ओलांडायचा, मागच्या वाटेने जायचं, यायचं. कोणाला कळणार नाही. या अख्ख्या शिवारात माझ्याहून लवकर जाऊन येणारं कोणीच नाही.

बाबांना विचारलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं, म्हणजे मग मला चिडता आलं असतं. ते म्हणाले, "तू शिकललंस. तुका वाटता ता कर." आणि गायीला पाणी दाखवायला गेले.

यापेक्षा ओरडले असते तर बरं.

खूप विचार केला. देव तिथे तीन दिवस एकटा असतो, हे मी मानते का? माहीत नाही. पण शेजारचे दमेकरी आजोबा झोपडीत खोकताहेत आणि परत जात नाहीत. ओल्या बाळंतिणीलाही बाहेर आणलंय. सगळ्यांनी मिळून शब्द दिलाय. तो मोडणारी पहिली मी, तीसुद्धा बुटांसाठी? नको.

मग रुखसारला फोन. देवगडची. गेली तीन वर्षं जिल्ह्यात तिसरी मी असले तर चौथी ती, नाहीतर उलट. तिला सगळं सांगितलं. आधी पोटभर हसली. मग, "माझे जुने आसत. पुढून तोंड उघडलाहा. सात नंबर."

"माझा सहा."

"दोन मोजे घाल. आणि काय गो, माझ्याच बुटांनी माझ्या पुढे गेलंस तर बघ."

१४ डिसें., रवि

पहाटे झोपडीतून निघाले. आईने दही-साखर हातावर ठेवली. दही कुठून आणलं देव जाणे.

ओरसला रुखसार फाटकापाशी बूट घेऊन उभी. बुटाचं तोंड खरोखरच उघडं, सुसरीसारखं. माझ्या बॅगेत लॅबची चिकटपट्टी होती, रक्त काढल्यावर कापसावर लावतो ती. तिने आणि मी मिळून बूट असा गुंडाळला की पेशंटच वाटेल. प्राथमिक फेरी आरामात. तीही आली पुढे.

अंतिम फेरी. चौथ्या लेनमध्ये कुडाळची मुलगी, ती पहिलीच येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आली. मी पाचव्यात, रुखसार सहाव्यात. वळणावर रुखसार पुढे. सरळ रेषेत आले तेव्हा तिचा श्वास ऐकू येत होता. मग काही आठवत नाही, फक्त फटक फटक, चिकटपट्टी सुटल्याचा आवाज. शेवटच्या रेषेवर छाती पुढे टाकली.

दोघी एकदम! पंचांनी एकमेकांची घड्याळं बघितली. दोघांच्या घड्याळांत एकच वेळ. एका पालकाने मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं, नेमक्या रेषेवर कोणाची तरी छत्री. बराच वेळ वाद. शेवटी निर्णय: दुसऱ्या जागेसाठी आम्ही दोघींनीच पुन्हा धावायचं, पुढच्या रविवारी.

रुखसार गवतावर आडवी पडून म्हणाली, "माझेच बूट माझ्या शेजारी येऊन थांबले. लाज नाय त्यांका."

दोघी हसत सुटलो. परतीच्या गाडीत मात्र तिच्याकडून एक गोष्ट कळली. तिला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करायचाय. राज्याला निवड झाली तर उपयोग होईल. मला आधी कधी बोलली नव्हती.

१५ डिसें., सोम

देवाने कौल दिला नाही. अजून एक दिवस बाहेर. सकाळी इथूनच लॅबला. मॅडमनी "घर कुठे सध्या?" विचारलं. "व्हाळापलीकडे" म्हटलं. 

१६ डिसें., मंगळ

कौल मिळाला. ढोल वाजवत घरी. वाटांवर गवत दाटल्यासारखं वाटलं. चार दिवसांत कसं वाढेल, पण वाटलं खरं. अंगणात मोराची पिसं. माझे स्पाइक्स जिथे होते तिथेच, डाव्यात मुंग्यांनी घर केलेलं. त्यांचीही गावपळण करावी लागली.

१७ डिसें., बुध

मॅडमना सांगितलं की उत्तर रविवारनंतर. मनात भीती की म्हणतील, दुसरी मुलगी बघते. दुसरी एक येऊन भेटून गेलीय, कळलं होतं.

मॅडम मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता: "रिपोर्ट हातात येईपर्यंत आपण निदान करतो का?"

"नाही."

"मग रविवारी संध्याकाळी फोन कर. एवढंच थांबेन हं."

एवढंच म्हणजे खूप.

रुखसारचा विचार डोक्यातून जात नाही. तिने हरावं असं वाटत नाही. मी हरावं असं तर अजिबातच नाही. दोन्ही एकदम खरं. आईला सांगितलं तर म्हणाली, "तिका सांग, शनवारी हयसर येवक. देवगडसून पहाटेची गाडी धरूक नको."

हे मला का सुचलं नाही?

२० डिसें., शनि

रुखसार आली, पिशवीभर आंबोळ्या घेऊन. आईने तिच्या पायांकडे बघितलं, मग माझ्या. "दोघांकाय मांस नाय," म्हणून स्वयंपाकघरात.

संध्याकाळी ओहोटी. किनाऱ्यावर दोघी हलकं धावलो, फक्त पाय मोकळे करायला. मुद्दाम कोणीच जोर लावला नाही. मग शेवटी दोघींनीही लावला, मग दोघीही थांबलो. "उद्या," ती म्हणाली. "उद्या," मी.

बाबांनी आजवर माझी एकही शर्यत पाहिली नाही. कधी नांगर, कधी माड. आज जेवताना आपण होऊन म्हणाले, "उद्या मी पण येतंय." आईचा हात भाताच्या टोपात तसाच.

रुखसार लगेच, "काका, कोणाक ओरडतलास मगे?"

बाबांनी माशाचा काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. "ओरडतलंय मोठ्यान. नाव घेवचंय नाय."

ती हसली. मीही. पण उद्या रेषेजवळ बाबांचा आवाज आला तर तो माझ्यासाठीच, असं मी धरून चालणार. तीही तेच धरेल बहुतेक.

आता अंगणात ती त्यांना स्टार्ट शिकवतेय, काय बघायचं ते आधी कळावं म्हणून. बाबा लुंगी खोचून 'सेट'ला वाकलेत. पिस्तूल कधी वाजणार, विचारताहेत.