ब्लीचिंगचे हात

आबा, काल बहिणीला घेऊन कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मी तुमच्यासारखा सावळा आणि ती केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरी. जुळी आहोत म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला नीट समजावलं. अंगाला रंग देणारं जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं येतं. तुमच्या आणि आईच्याही अंगात एकेक बिघडलेलं होतं, पण जोडीचं चांगलं असल्यामुळे कधी कळलं नाही. तिच्या वाट्याला नेमकी दोन्ही बिघडलेली आली. आम्ही वेगवेगळ्या बीजांची जुळी, म्हणून मी सुटलो. एखादं माझ्यातही असेल. यात कुणाचीच चूक नसते, असं त्या म्हणाल्या. ती शांतपणे ऐकत होती, मला मात्र तिथं बसवेना.

तुम्ही इचलकरंजीला कापडाच्या प्रोसेस कारखान्यात ब्लीचिंग खात्यात होता. मळकट कोरं कापड तुमच्या हातांखालून पांढरंशुभ्र होऊन निघायचं. ते पांढरं करणारं औषध हातांबरोबर घरी आलं आणि आईच्या पोटातल्या एका लेकराला लागलं, असं तुम्ही मनात धरून बसला होता. आई चिडायची. "मग ह्यो कसा काळा ऱ्हायला?" म्हणायची. तुम्ही कामाची पाळी संपवून आलात की न्हाणीत दोन-दोनदा साबण लावायचा आणि मगच लेकीला मांडीवर घ्यायचं. अजून डोळ्यांसमोर येतं, ती उंबऱ्यात उन्हानं डोळे मिचकावत उभी आहे, आणि तुम्ही ओले हात पुन्हा पुन्हा हुंगून बघताय.

आम्ही दहा वर्षांचे असताना तुम्ही तिला उन्हाची टोपी आणलीत, मला काहीच नाही. मी धुसफुसत बसलो होतो. तुम्ही शेजारी येऊन हळूच विचारलंत, "तू साळंत शिकतूस. पुस्तकात बघून सांग, माझ्या हातानंच झालंय न्हवं हे?"

मी म्हणालो, "व्हय. तसंच लिवलंय."

मी पुस्तक उघडलंही नव्हतं. त्यानंतर तुम्ही तिला कधी जवळ घेतलं नाही. ती दहावी पास झाली तेव्हा पेढासुद्धा तिच्या तळहातावर वरून सोडलात. आबा, मला त्या खोट्याची फार लाज वाटते.

काल एसटीत ती म्हणाली, "आबास्नी मी नकोशी हुते काय रं?" न्हाय गं, एवढंच म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. हे सगळं खरं तर तिला सांगायला हवं. तुम्ही आता उलट काही विचारायला नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.