भोंगा कुणाशी बोलतो

अब्बा, बाजारात एखादं पोर हरवलं की तुम्ही त्याचं नाव का सांगत नव्हता? तेव्हाही मी हे विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मेरे गले कू आराम दे, बेटी," आणि चहात खारी बुडवून खायला लागलात. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं होतील, आणि तुमच्या घशाला भरपूर आराम मिळाला असेल, म्हणून पुन्हा विचारते आहे. केजच्या आठवडी बाजारात तुमची रिक्षा भाजीच्या ओळीच्या तोंडाशी उभी असायची, टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि मशीन, आणि पुढं तुम्ही, गळ्यात मफलर, उन्हाळा असो की थंडी. एखादी बाई रडत यायची, पोर सापडत नाही म्हणून. दुसरा कुणी असता तर त्यानं पोराचं नाव, गाव, वय सगळ्या बाजाराला ऐकवलं असतं आणि दिसल्यास कळवावे म्हणाला असता. तुम्ही बाजाराला काही सांगतच नव्हता. तुम्ही थेट त्या पोराशी बोलायचात. "पिवळ्या सदऱ्यातल्या बाळा, घाबरू नको. तुझी माय चपलेच्या दुकानापाशी उभी हाय. तिथंच ये." आणि त्या बाईला खरोखर चपलेच्या दुकानापाशी नेऊन उभं करायचात. तिचा जीव थाऱ्यावर नसायचा, तिला शोधत धावायचं असायचं. तुम्ही तिच्यावर ओरडायचात, "तू हिंडत बसलीस तर त्यानं यावं कुठं?"

तुम्ही काही साधुपुरुष नव्हता, हेही लिहून ठेवते, नाहीतर मेलेल्या माणसाला पत्र लिहिताना त्याला फार मोठं करून ठेवलं जातं. साड्यांच्या सेलचा 'आज शेवटचा दिवस' तुम्ही महिनाभर तितक्याच तळमळीनं सांगायचात. एकाच दिवशी दोन पक्षांच्या सभा पुकारायच्या आणि दोघांनाही 'लाडके नेते' म्हणायचं, हे तुम्हाला सहज जमायचं. घरी भात कमी पडला तरी भोंग्यावर असल्यासारखे बोलायचात, मग अम्मी म्हणायची, "मैं सामनेच बैठी हूँ जी."

आणि मी पाचवीत होते तेव्हाची ती गोष्ट. तुम्ही चहाला गेलात, माइक सीटवर ठेवलेला. मी उचलला आणि बटन दाबलं. अख्खा बाजार हातात आला आणि माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. मी 'हॅलो' म्हणाले. पुन्हा 'हॅलो' म्हणाले. भाजीवाल्या मावश्या हसायला लागल्या, तुम्ही कप टाकून धावत आलात. मला वाटलं, आता पाठ फुटणार. तुम्ही हात नाही उगारलात, फक्त म्हणालात, "बोलने कू कुछ नै, तो बटन कायकू दबाई?" त्या दिवशी मला ते बोलणं लागलं होतं. आता वाटतं, तुम्ही रागावला नव्हता, खरंच विचारत होता.

कारण आता मी तोच धंदा करते, अब्बा. एका लहानशा संस्थेत आहे. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत कॉलेजची पोरंपोरी जमतात, आणि आम्ही मिळून छोट्या क्लिपा करतो, गाणी करतो, वस्त्यांवर जाऊन नाटुकली करतो, भिंती रंगवतो. शिष्यवृत्तीचं, लसीचं, पोरींच्या शाळेचं, आणि सगळ्यांत जास्त बालविवाहाचं. मध्यंतरी 'लेकीचं लग्न लवकर करू नका' अशी एक रील केली. सुंदर झाली, मागं बासरी, पुढं मेंदीचे हात. लोकांनी उचलून धरली. मला मेला स्वभावच असा की सुखानं आनंद होत नाही, म्हणून कुणाला आवडली ते एकदा बसून पाहिलं. सगळे आमच्याच पोरांचे मित्र, निम्मे पुण्याला नोकरीला गेलेले. ज्याच्या घरात लग्नाची पोर आहे असा एक बाप त्यात दिसेना. मग मी एक रिक्षा भाड्यानं घेतली, तिच्यावर भोंगा चढवला, आणि आमच्या पोरांनी तोंडं वाकडी केली की ताई आपल्याला मागं नेते आहे.

भोंग्यासाठी आवाज सापडला तो एका वस्तीवरच्या पोरीचा. अकरावीतली, अंगानं काडी, चारचौघांत मान वर न करणारी. पण माइकसमोर बसवली की असं बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आपल्याच ओट्यावर बसून सांगते आहे. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आमच्याकडे, एकट्याला काम मिळत नाही, तुम्हाला सांगायला नको. यंदा पाऊस सरता सरता ती यायची बंद झाली. फोन बंद. मग तिच्या चुलतबहिणीकडून निरोप आला, कारखान्याच्या गाड्या निघायच्या आत तिचं लग्न उरकायचं ठरलं आहे, मुलगा बघून झाला आहे. आणि वर तिचा स्वतःचा शब्द असा, की ताईला सांग, पोलीस आणू नको, आणले तर मला मामाच्या गावाला नेऊन तिथं लावून देतील.

आमच्या खोलीत त्या दिवशी फार भांडण झालं. पोरं म्हणाली, तिचे व्हिडिओ आहेत आपल्याकडे, फोटो लावून रील करू, जिल्हाभर जाईल. मी म्हटलं, जिल्हाभर जाईल आणि मग ती पाणी भरायला कशी जाईल? एक जण तावातावानं म्हणाला, "ताई, मग गप बसायचं का बे?" आणि 'बे' तोंडातून निसटला म्हणून लाजला. मला त्याचा राग आला नाही. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची, त्याला कळवणं हे माझं काम आहे, ते मी करणारच होते. पण ती म्हणत होती तसं घडलं तर? कागदावर एक लग्न थांबेल आणि दुसऱ्या तालुक्यात गुपचूप लागेल, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. मला भीती वाटत होती, अब्बा. ती पोर माझ्या हातून निसटेल अशी भीती.

तेव्हा मला तुमची ती रडणारी बाई आठवली, चपलेच्या दुकानापाशी उभी केलेली. आम्ही इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होतो की तुम्ही काय करू नका. आम्ही कुठं उभे आहोत, हे कधी सांगितलंच नव्हतं. आणि योग असा की त्या आठवड्यात तिच्याच वस्तीवर बैलांना लाळ्या-खुरकुताची लस टोचणार होते, आणि त्याची दवंडी तिच्याच आवाजात आमच्याकडे भरून ठेवलेली होती.

सकाळी आम्ही रिक्षा वस्तीत घातली. समाजमंदिरापुढून भोंगा सुरू झाला. "लाळ्या-खुरकुताची लस सोमवारी सकाळी शाळेपुढं टोचणार हायेत. कारखान्याला जाणाऱ्या बैलांना आधी आणा. लस फुकट हाय." बाया दारात आल्या. एकजण म्हणाली, "अगं बया, ही तर आपली पोरगी!" त्यानंतर मी स्वतः माइक घेतला, आणि लग्नाचा शब्दही न काढता सांगितलं, "तोडीला जाताना ज्यांना लेकीला मागं ठेवायचं हाय, तिच्या राहण्याची सोय केजच्या मुलींच्या वसतिगृहात हाय. मी समाजमंदिरापाशी उभी हाय. दिवस मावळंस्तोवर हितंच हाय." आणि खरंच तिथं उभी राहिले.

कुणी येईना. दुपार झाली, पोरं कंटाळून रिक्षात झोपली. पोटात कावळे ओरडत होते, पण जाऊन भाकरी खावी तर नेमकं तेव्हाच कुणी आलं तर? अखेर एक माणूस आला, पागोटं काखेत, जरा लांब उभा राहिला.

"ती लस कवा हाय म्हनलात?"

"सोमवारी सकाळी. भोंग्यात सांगितलं की."

"ते ऐकलं. पुन्ना इचारलं." पागोटं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. मग, "ती आमची हाय. भोंग्यातली."

मी म्हटलं, "आवाज ओळखलात?"

"इतकं नीट बोलती व्हय ती? घरी तर तोंड उघडत न्हाई." पायानं माती उकरत म्हणाला, "सकाळधरनं लोक मलाच इचारायलेत. तुमच्या पोरीनं सांगितलंय, बैल न्यावा का? मी काय सांगावं त्यास्नी?"

"न्या म्हणावं."

"म्हनलो तसंच." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "ताई, मला काय हौस हाय का तिला आत्ताच उजवायची? सहा म्हयने आमी उसाच्या फडात. मागं घरात म्हातारं कुनी न्हाई. वयात आलेली पोर एकटी ठिवू का? तुमी भिंतीवर लिवता, लगीन करू नका. मग काय करू, ते कुठं लिवलंय?"

अब्बा, असं कुणी थोबाडीत मारल्यासारखं बोललं ना, की आधी राग येतो आणि मग बरं वाटतं. मी त्याला वसतिगृहाचं सगळं सांगितलं, जेवण काय, दार कधी बंद होतं, तिथल्या बाई कशा आहेत. सुट्टीला ती माझ्या घरी राहील म्हटलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमच्यात?" त्या एका शब्दात काय काय होतं ते तुम्हाला कळेल. मी म्हटलं, "आमच्यात. भाकरी तिची तिनं करावी, चूल माझी." तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "तिला कुठं येती भाकरी. करपवती." मग मी त्याला तोंडावर सांगून टाकलं, की अठराच्या आत लग्न लावलंत तर मी ग्रामसेवकाला कळवणार, मागाहून बोल लावू नका. तो म्हणाला, "ते म्हाईत हाय," आणि निघून गेला. ना हो, ना नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. आणि एका सकाळी ती पोर आईबरोबर वसतिगृहाच्या दारात, डोक्यावर पत्र्याची पेटी. मी तिथंच रडले, तिच्या आईच्या गळ्यात पडून, आणि तिच्या आईला काही सुचेना म्हणून ती माझी पाठ थोपटत राहिली. सोयरीक मोडली की नुसती पुढं ढकलली, हे अजून मला नीट कळलेलं नाही. उन्हाळ्यात आईबाप परतले की ती घरी जाईल, आणि जून-जुलैत बारावीला परत आली म्हणजे कळेल. आत्ता अकरावीची परीक्षा तरी होते आहे.

पण मजा पुढंच आहे. मी आपली समजत होते की भोंग्यानं बापाला गाठलं. पोरीला विचारलं तर म्हणाली, "न्हाई ताई, अण्णा तर त्या दिवशी घरी येऊनबी काय बोलले न्हाईत. आईनं ऐकलं. ती आत भांडी घासत होती. तिला वसतिगृह असतंय हेच म्हाईत नव्हतं. तवापासून तिनं जेवण सोडलं, म्हनली, पेटी भरा न्हाईतर मी फडात येत न्हाई." म्हणजे मी बोलत होते कुणाशी आणि ऐकलं कुणी? ज्या बाईचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, तिनं भांड्यांच्या आवाजात तेवढंच वाक्य वेचून घेतलं. तुम्हाला कळायचं का हो कधी, की तुमचं कोण ऐकतं आहे? की तुम्हालाही नाही कळायचं आणि म्हणूनच तुम्ही एकालाच उद्देशून बोलायचात? मला याचं उत्तर हवं होतं. अजून हवं आहे.

गाड्या निघायच्या दिवशी तिचा बाप आमच्या खोलीवर आला. ट्रक खाली उभा, बैल आत चढवलेले, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. त्यानं काच फुटलेला मोबाईल पुढं केला. "ते लसीचं ह्याच्यात टाकून द्या."

मी म्हटलं, "लस तर टोचून झाली की."

"लस न्हवं," तो म्हणाला, आणि खाली बघायला लागला. "फडात ऐकतो."

मी टाकून दिलं. त्यानं जिन्यातच कानाला लावून एकदा ऐकलं, आणि उतरला.

अब्बा, तुमचा आवाज माझ्याकडे नाही. कॅसेट भरून वाजवा, घसा वाचेल, असं सगळे सांगायचे, तुम्ही कधी भरली नाहीत. आणि जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगते, हे कुठं पाठवायचं नाहीच म्हणून सांगते: मला तुमची वाक्यं आठवतात, आवाज आठवत नाही. परवा बाजारात विचारत फिरले. फळवाले चाचा म्हणाले, घोगरा होता, भरदार, हौ ना? गॅरेजवाले म्हणाले, छे, पातळ होता, सुरीसारखा, हौ ना? मी दोघांनाही हौ म्हणाले.