तंबूभोवतीचा चर

चिंचगडाचा माळ
१२ मे १९७४

तीर्थरूप बाबा,

विद्युल्लतेचा तुम्हा दोघांना नमस्कार. माझा खोकला गेला, हे आईला आधी सांगा. तिचं लिंबाचं लोणचं अजून पुरतंय. भिवंडीत पाणी वेळेवर येतं का?

इथे माझं काम माती तपासून अहवाल लिहिण्याचं. बुड काढलेला डबा जमिनीत रोवायचा, लिटरभर पाणी ओतायचं आणि घड्याळ बघत बसायचं. झाडीत ते तीन मिनिटांत जिरतं. सहलींचे तंबू पडतात तिथे पाऊण तास लागला. पायांखाली माती इतकी दडपली आहे की एक रोप रुजत नाही.

तिथूनच कमरेइतकी खोल घळ खाली गेली आहे. वाटाड्या नवशाला विचारलं, तर म्हणाला, "ताई, यो चर गुरुजींनीच पोरांकडून खणून घेतलेला हाय. पावसानं वाढवला."

गुरुजी म्हणजे तुम्ही. श्रावणातल्या सहलीत तंबूत पाणी शिरू नये म्हणून चर खणायचा, हे तुम्हीच शिकवलंत. पहिली कुदळ मी मारली होती, दहा वर्षांची असताना. अहवालात आपल्या दोघांचीही नावं घातली आहेत. रागवा हवं तर, मी खोडणार नाही.

आणखी एक पावसाळा गेला, की घळ नवशाच्या भातखाचरात उतरेल. म्हणून जूनच्या आत शाळेतल्या मुलांना घेऊन या. मुक्काम खाली गावच्या खळ्यावर, वर तंबू नाही. घळीत दगडांचे बांध घालायचे आहेत.

पहिला दगड तुम्ही ठेवायचा.

तुमची,
विद्युल